फावल्या वेळाची सेवा

जुलै महिना लागला, की जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी पदग्रहण समारंभांची एकच धांदल उडते. रोटरी व लायन्स या दोन्ही संस्थांचे वर्ष १ जुलैपासून सुरू होते. त्यामुळे मावळते अध्यक्ष आणि नवे अध्यक्ष, शाली आणि श्रीफळे, वह्यांचे वाटप आणि त्या वाटपाचे छायाचित्र हे सर्व एका पंधरवड्यात उरकून घ्यावे लागते. हा थाट पाहून गावातील टवाळ मंडळी जे बोलतात ते आमच्या कानांवर येत नाही असे नाही. व्यापाऱ्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून जेवावे, एकमेकांच्या गळ्यात हार घालावे आणि त्यास समाजसेवा म्हणावे, असा त्या टीकेचा मथितार्थ. ही टीका सर्वस्वी खोटी आहे असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतः एकही वही वाटलेली नसते, हेही सांगणे भाग आहे. तेव्हा या क्लबांच्या कामाचा विचार टवाळीने अथवा स्तुतीने न करता, जुना पेढीवाला दिवाळीपूर्वी आपली खतावणी ज्या नजरेने तपासतो त्या नजरेने करावा, असा आमचा विचार आहे.

योगायोग असा, की १९०५ या एकाच साली सेवेच्या दोन अगदी भिन्न कल्पना जन्मास आल्या. त्या वर्षीच्या २३ फेब्रुवारीस अमेरिकेतील शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने कोळशाचा एक व्यापारी, खाणकामाचा एक इंजिनियर आणि कपडे शिवून देण्याचा धंदा करणारा एक गृहस्थ अशा तिघांस जमवून रोटरीची पहिली बैठक घेतली. आणि १२ जून रोजी पुण्यास गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. गोखल्यांच्या समाजात शिरणाऱ्याने आपले सारे आयुष्य देशकार्यास वाहावयाचे, स्वतःकरिता द्रव्यार्जन करावयाचे नाही आणि संस्था देईल तेवढ्यात कुटुंबाचा निर्वाह चालवावयाचा, असा दंडक होता. त्या दंडकातून गोपाळ कृष्ण देवधर, नारायण मल्हार जोशी यांच्यासारखी माणसे तयार झाली. जोश्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून कामकऱ्यांकरिता रात्रीच्या शाळा व मोफत वाचनालये चालविली. हॅरिसच्या मंडळीचा मार्ग याच्या उलट. तेथे दुकान बंद करावयाचे नव्हते, वकिली सोडावयाची नव्हती. आपला उद्योग सांभाळून उरलेला वेळ एकत्र घालवावयाचा, एवढीच अट. सर्वस्व देणाऱ्यांची थोरवी आमच्याकडे सुधारकांच्या प्रत्येक पिढीने गायिली, आणि ती योग्यच होती. पण असे पुरुष आणि अशा स्त्रिया दर पिढीत बोटांवर मोजण्याइतक्याच निघावयाच्या, आणि गावचे गटार, गावची शाळा व गावचा दवाखाना त्यांची वाट पाहत बसू शकत नाहीत. ज्याच्यापाशी आठवड्यातील चार तास मोकळे आहेत असा मनुष्य मात्र प्रत्येक पेठेत आढळतो. त्या चार तासांचे काय होते, हाच या लेखाचा प्रश्न होय.

आरंभी त्या चार तासांचे काही विशेष होत नव्हते, हे रोटरीचा इतिहासच सांगतो. एका धंद्याचा एकच सभासद घ्यावयाचा आणि सभासदांनी एकमेकांचे गिऱ्हाईक व्हावयाचे, असा व्यवहारी मामला होता. बैठक पाळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत भरे, म्हणून फिरते या अर्थाचे हे नाव पडले. १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलास सभासद होण्याचे आमंत्रण मिळाले, तेव्हा ज्या मंडळास आपल्या सभासदांपलीकडे कोणाचे हित दिसत नाही त्याचा शहरास काय उपयोग, असे विचारून त्यांनी ते नाकारले. हॅरिसने ही गोष्ट मनास लावून घेतली. मंडळाच्या उद्देशांत शहराच्या हिताचे कलम घालण्यात आले, कार्टर सभासद झाले, आणि १९०७ साली या क्लबाने सार्वजनिक सेवेचे पहिले काम हाती घेतले. ते काम म्हणजे शहराच्या मध्यवस्तीत सार्वजनिक शौचालये बांधून घेण्याची चळवळ!

हे काम निघताच विरोधही उभा राहिला, आणि तो कोणी केला हे आमच्या व्यापारी वाचकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. दारूगुत्तेवाल्यांच्या पाठीराख्यांनी म्हटले, की आमच्या गुत्त्यांत पुरुषांची सोय आहेच. मोठ्या दुकानदारांनी म्हटले, की आमच्या दुकानांत स्त्रियांची सोय आहेच. अर्थात पेला घेणाऱ्याची व माल खरेदी करणाऱ्याचीच! मनुष्याच्या देहधर्माचेही गिऱ्हाईक करून घेणाऱ्या या व्यवस्थेविरुद्ध व्यापाऱ्यांचेच एक मंडळ उभे राहिले, यात त्या क्लबाची खरी परीक्षा झाली असे आम्ही समजतो.

आता आपल्याकडे पाहा. आठवड्याच्या बाजारास पहाटे टोपली घेऊन आलेली भाजीवाली दिवस मावळल्यावर घरी परतते. मधल्या वेळात तिला कोठे जावयाचे असेल तर बाजारात तिच्यासाठी जागा नसते. म्हणून ती पाणीच पीत नाही आणि पुढे मूत्रविकाराने आजारी पडते. मुंबईसारख्या शहरात पुरुषांस मुतारी फुकट आणि स्त्रियांस पैसे मोजावे लागतात, याविरुद्ध २०११ साली स्त्रियांच्या संस्थांस चळवळ उभारावी लागली. तालुक्याच्या बाजारात तर पैसे घेऊनही सोय मिळण्याची खात्री नाही. पाणपोईवर आईबापांचे नाव कोरण्यास दाते मिळतात, बसथांब्याच्या बाकावर क्लबाचे चक्र अगर सिंह रंगविता येतो. शौचालयावर नाव घालून घेण्यास मात्र कोणाची हौस दिसत नाही. बांधून दिलेच, तर झाडणाऱ्याचा पगार आणि पाण्याचे बिल पुढील वर्षी कोणी द्यावयाचे हा प्रश्न उरतो, कारण पुढील वर्षाचे अध्यक्ष निराळे असतात व त्यांस आपल्या कारकीर्दीचे निराळे काम हवे असते. दरवर्षी मालक बदलणारे दुकान कसे चालते, हे पेठेतील माणसास सांगावयास नको.

हा दोष असाध्य आहे असे मात्र नाही, आणि त्याचा पुरावा याच संस्थेने दिला आहे. १९७९ साली फिलिपाईन्समधील मुलांस पोलिओची लस पाजण्याचे काम रोटरीने अंगावर घेतले. १९८५ साली साऱ्या जगातून हा रोग नाहीसा करण्याची मोहीम जाहीर करून तिच्यासाठी १२ कोटी डॉलर जमविण्याचा संकल्प सोडला, आणि तीन वर्षांत त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम गोळा केली. १९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेने हेच ध्येय स्वीकारले. त्या वेळी सव्वाशे देशांत मिळून दरसाल सुमारे साडेतीन लक्ष मुले या रोगाने पंगू होत होती. अध्यक्ष दरवर्षी बदलत राहिले, काम मात्र बदलले नाही.

हिंदुस्थानात १९९५ साली पल्स पोलिओची मोहीम देशभर सुरू झाली. हा विषाणू मळावाटे व दूषित पाण्यावाटे पसरतो आणि ज्यांस तो जडतो त्यांपैकी सुमारे दोनशेत एकासच पक्षाघात होतो. म्हणजे एक पंगू मूल दिसले, की त्याच्यामागे न दिसणारी शेकडो बाधित मुले असतात. यास्तव पाच वर्षांखालील एकही मूल सुटता कामा नये, असा हा हिशोब. देशव्यापी फेरीच्या वेळी सुमारे १७ कोटी मुलांस थेंब पाजावे लागत. लस थंड राहावी म्हणून बर्फाच्या पेट्या, पाजलेले मूल ओळखावे म्हणून डाव्या करंगळीवर शाईची खूण, आणि घर पुरे झाले की दारावर एक अक्षर, राहिले असल्यास फुली. फुलीच्या घरी पुन्हा जावयाचे, आणि ती पुसली जाईपर्यंत जात राहावयाचे. उधारीची वही याहून वेगळी काय असते?

पश्चिम उत्तर प्रदेशात या थेंबांनी मुले पुढे वांझ होतील अशी अफवा उठली आणि दारे बंद झाली. तेथे रोटरीने उलेमांची एक समिती बनविली; लसीत वावगे काही नाही हे सांगण्यास वस्तीने ज्यांचे ऐकावे अशी माणसे पुढे झाली, तेव्हा ती दारे हळूहळू उघडली. २००९ साली देशात ७४१ मुलांस हा रोग झाला होता. २०१० साली ४२ जणांस. आणि २०११ साली एकाच मुलास. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेली ती दोन वर्षांखालील मुलगी या देशातील नैसर्गिक पोलिओची शेवटची रोगी ठरली, व २७ मार्च २०१४ रोजी हिंदुस्थान पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला.

येथे श्रेयाचा हिशोबही चोख झाला पाहिजे. या फेऱ्यांत वीस लाखांहून अधिक माणसे दारोदार फिरली. त्यांतील फार मोठा भाग अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व सरकारी आरोग्यखात्याच्या परिचारिकांचा होता, आणि त्यांस मिळणारा भत्ता सांगण्यास लाज वाटावी इतका अल्प होता. क्लबांच्या सभासदांनी पैसा उभा केला, केंद्रे मांडली, गाड्या दिल्या, रविवारी दुकानास कुलूप लावून स्वतः थेंबही पाजले; हे काम मोठेच. तथापि विजयाच्या सभेत व्यासपीठावर कोण बसले आणि सतरंजीवर कोण, हे ज्याने पाहिले असेल त्यास आम्ही अधिक सांगावयास नको.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे, तर तो अर्धवट सोडू नये. ज्या संस्थेचे नाव सेवा, तिचा दरवाजा स्त्रियांस कित्येक दशके बंद होता. सभासदांच्या घरच्या स्त्रियांनी १९२४ साली मँचेस्टर येथे इनर व्हील हे आपले निराळे मंडळ काढले. कॅलिफोर्नियातील डुआर्टे गावच्या क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांस सभासद करून घेतले, म्हणून पुढील वर्षी त्या क्लबाचीच सनद काढून घेण्यात आली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९८७ साली निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला आणि १९८९ साली नियम बदलला. पुण्यास रमाबाई रानडे यांचे सेवासदन १९०९ पासून स्त्रियांस परिचारिका व शिक्षिका बनवीत होते. ज्या गावचा क्लब आजही सभासदांच्या पत्नींना केवळ रांगोळी, पाककृती व संगीत खुर्ची एवढ्यापुरते बोलावतो, त्याने ही दोन सने भिंतीवर लावावीत.

असो. आता एक व्यवहाराची सूचना, आणि ती रक्तदानासंबंधी आहे. कारण हे काम बहुतेक सर्व क्लब करतात, आणि तरीही त्याची मांडणी चुकते असे आमचे मत आहे. शिबिरे भरतात ती २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवशी. त्या दिवशी पिशव्यांचा ढीग पडतो व आकडा वर्तमानपत्रात येतो. पण रक्त हा नाशिवंत माल आहे. त्यातील तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट नावाच्या बारीक कणिका तर पाचच दिवस. शिवाय एकदा रक्त दिलेल्या पुरुषास तीन महिने आणि स्त्रीस चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे एका दिवशी गावातील सारे दाते खर्ची पडले, की पुढील काही महिने पेढी रिकामी! इकडे थॅलेसेमियाच्या मुलांस दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. त्यांचा रोग राष्ट्रीय सणांची वाट पाहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद, लोक परगावी, ऊन कडक, अशा वेळी पोराचा बाप पिशवीसाठी या शहरातून त्या शहरात हिंडत असतो. कांद्याची सारी आवक एकाच दिवशी बाजारात ओतून मग चार महिने काटा बंद ठेवणाऱ्या अडत्यास आपण शहाणा म्हणणार नाही.

रोटरीचा एका धंद्यास एक सभासद हा जुना नियम येथे उपयोगी पडेल. प्रत्येक सभासदाच्या मागे त्याच्या धंद्यातील हमाल, कारकून, कारागीर व नेहमीचे गिऱ्हाईक अशी शे-दोनशे माणसे असतात. वर्षाचे बारा महिने बारा धंद्यांस वाटून द्यावेत, दर आठवड्यास त्या धंद्याची थोडी थोडी माणसे रक्तपेढीत पाठवावीत आणि ढीग पडू देऊ नये. महिने वाटताना वाद होतील हे आम्ही जाणतो. कापडवाल्यांस लग्नसराई आड येईल, बियाणेवाल्यांस मृगाची गडबड, मिठाईवाल्यांस दिवाळी. मे महिना कोणीच घेणार नाही. परंतु वकिलांस मे महिन्यात कोर्टाची सुट्टी असते, आणि रोटरीचा मूळ पुरुषही वकीलच होता. तेव्हा तो महिना त्यांच्याकडे जावा.