दुःखात गावे की गाऊ नये?

बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाच्या 25व्या अध्यायानुसार खिन्न माणसापुढे गाणी म्हणणे म्हणजे थंडीत कुणाच्या अंगावरचे पांघरूण ओढून घेणे, किंवा खारावर शिरका ओतणे. उलट ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या 16व्या अध्यायात पौल आणि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना, फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री स्तोत्रे गातात. याकोबाचे पत्र तर दुःखिताला प्रार्थना करायला सांगते आणि गायला सांगते ते आनंदी माणसाला. मग खरे कोणते?

शिरक्याची उपमा नीट पाहण्यासारखी आहे. हा खार म्हणजे धुण्यासाठी वापरायचा खनिज सोडा. त्यावर शिरका पडला की फसफसून फेस येतो. फेस बसल्यावर ना खारात मळ काढायची ताकद उरते, ना शिरक्यात आंबटपणा. प्राचीन ग्रीक भाषांतरात खाराच्या जागी जखम आहे, म्हणजे तिथे शिरका झोंबतो. दोन्हीकडे बोट एकाच चुकीवर आहे: दुसऱ्याच्या दुःखावर आपले गाणे लादणे. तुरुंगातले दोघे मात्र स्वतःच्याच वेदनेतून गात होते.

स्तोत्रसंहितेतले 137वे स्तोत्र हाच भेद अधिक तीव्रपणे दाखवते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात यरुशलेम पडले आणि यहूदी बाबेलला बंदी म्हणून गेले. पकडणारेच त्यांना सियोनची, म्हणजे यरुशलेमची, गाणी म्हणायला सांगतात, तेव्हा ते वीणा झाडांना टांगून ठेवतात. पण हा नकार आपल्यापर्यंत आला तो गीताच्याच रूपात. इथला विरोध पुरता सुटत नाही, आणि तो सोडवायची घाईही करू नये.

याकोबाच्या वचनातली प्रार्थना आणि गाणे यांतली भिंतही पातळच आहे. पौल-सीलाच्या प्रसंगात मूळ ग्रीक वाक्य प्रार्थना करता करता गाण्याचे आहे. स्तोत्रसंहितेतही दुःखाची प्रार्थना गाण्यातच येते: 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. 88वे तर अंधारातच संपते.

‘विलापगीत’ या ग्रंथातला शोक तर आखीव रचनेतच येतो: त्याची पाचपैकी चार प्रकरणे हिब्रूच्या 22 अक्षरांच्या क्रमाने रचली आहेत. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मृतिदिनी यहूदी ते जमिनीवर किंवा ठेंगण्या आसनावर बसून शोकाच्या सुरात म्हणतात.