शांतिसैनिक आणि अश्रुधूर

मोर्चा अनावर झाला आणि पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली, ही बातमी श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु जो धूर पोलीस आपल्याच नागरिकांवर सोडू शकतात, तो रणांगणावर शत्रूच्या सैनिकांवर सोडण्यास आंतरराष्ट्रीय कायद्याची मनाई आहे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

या विसंगतीला सबळ कारण आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्याने 'सीएस' नावाचा अश्रुधूर (वस्तुतः तो वायू नव्हे, अतिसूक्ष्म भुकटी होय) भुयारांत दडलेल्यांना बाहेर हुसकण्यासाठी वापरला. बाहेर पडणाऱ्यांसाठी बंदुका रोखलेल्याच असत. प्राण न घेणारे साधन अशा रीतीने प्राण घेण्याच्याच कामी आले. शिवाय दुरून दिसणारा लोट डोळे चुरचुरविणारा की जीवघेणा, हे समोरच्या सेनापतीने कसे ओळखावे? त्याने विषारी वायूने उत्तर दिले, तर अनर्थास सीमा राहणार नाही. म्हणून १९९७ साली अंमलात आलेल्या रासायनिक अस्त्रबंदी कराराने 'युद्धपद्धती' म्हणून अश्रुधूर वर्ज्य ठरविला. कायदा व सुव्यवस्था राखण्यासाठी मात्र मोकळीक ठेवली.

मग शांतिसैनिकाचे काय? वेष योद्ध्याचा, काम पुष्कळदा पोलिसाचे! कराराने त्याच्याविषयी स्पष्ट शब्दांत काहीच सांगितलेले नाही, त्यामुळे राष्ट्रांनी आपापल्या परीने अर्थ लावला. अमेरिकेच्या सिनेटने १९९७ मध्ये कराराला संमती देतानाच शांतिरक्षणाच्या मोहिमांत ही मुभा राखून ठेवली. जर्मनीच्या कायद्यात मात्र आपल्या सैनिकांसाठी अशी तरतूद नव्हती.

त्याची किंमत मार्च २००४ मध्ये कोसोव्होतील प्रिझरेन शहरात कळली. अल्बानियन जमाव तेथील सर्ब वस्तीवर चालून गेला. नाटोच्या शांतिसेनेतील जर्मन तुकडीकडे त्या भागाचे रक्षण होते. सैनिकांच्या हाती बंदुका होत्या, अश्रुधूर नव्हता. गोळी झाडावी तर माणसे मरणार, न झाडावी तर घरे जळणार. त्यांनी पवित्र देवदूतांच्या मठातील साधूंना सुरक्षित स्थळी हलविले, मठ जळाला. लेविशा मातेचे चौदाव्या शतकातील चर्चही आगीत सापडले. त्या दंगलींत साऱ्या कोसोव्होत १९ माणसे दगावली. दोष एकट्या कायद्याचा नव्हता. पूर्वतयारीही तोकडी होती. पण धमकावणे आणि ठार मारणे यांच्यामधली पायरीच सैनिकाला नाकारणे, याला दया म्हणणे कठीण आहे.

त्याच वर्षी जर्मन संसदेने कायदा बदलून परदेशातील मोहिमांवर असलेल्या सैनिकांना दंगल आवरण्यासाठी अश्रुधूर वापरण्याची परवानगी दिली. लढाईतील वापरावरची बंदी मात्र तशीच राहिली.