पाण्याची गोष्ट कोणी सांगायची?

पर्यावरणावरची पुस्तके आम्ही पुष्कळ चाळली. त्यांत वाघ असतो, वड असतो. पाणवठ्यापासून दूर उभी केलेली बाई मात्र क्वचितच भेटते. या उणिवेवर बोट ठेवणारे अभ्यासक म्हणजे मुकुल शर्मा. मूळचे पत्रकार, पुढे मानवी हक्कांच्या कामात, नंतर अशोका विद्यापीठात पर्यावरणाचे प्राध्यापक.

२०१७ साली त्यांचा ‘कास्ट अँड नेचर’ हा इंग्रजी ग्रंथ निघाला. जंगल, जमीन, पाणी यांनाही जात कशी चिकटवली गेली, हे त्यात मांडले आहे. बाबासाहेबांचे विचारही त्यांनी याच अंगाने तपासले. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब प्यायले. तो लढा पाण्याचाच नव्हता काय?

आम्हांला विशेष भावले ते बिहारच्या मुसहर समाजाविषयीचे लेखन. बावीस वर्षे डोंगर फोडणारे दशरथ मांझी याच समाजाचे. मुसहरांच्या दीना-भद्री या भावांच्या गाथेला शर्मा अडाण्यांची गाणी म्हणत नाहीत; निसर्गाचे ज्ञान म्हणून वाचतात.

ग्रंथ इंग्रजीत आहे, भाषा विद्वानांची आहे. मुलामुलींनी तोवर घरच्या आजीला विचारावे: आजी, १९७२च्या दुष्काळात विहिरीवर तुझी घागर कोण भरून देई, आणि किती वेळाने?