भाड्याच्या अवजारांचे तासावारी दर व त्यांची संगणकावरील नोंद

ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र इत्यादि अवजारें प्रत्येक शेतकऱ्यानें स्वतंत्र विकत घेणें परवडत नाहीं, हें आतां बहुतेकांस पटलें आहे. चार-पांच एकरांच्या धन्याच्या दारीं उभा असलेला ट्रॅक्टर वर्षाचे पुष्कळ दिवस नुसता उभाच असतो. म्हणून गांवोगांव शेतकऱ्यांचे गट एकत्र येऊन अवजारें घेतात व तीं सभासदांस व इतरांस तासावारी भाड्यानें देतात. केंद्र सरकारचें कृषि यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ सालीं सुरू झालें, त्यांतून अशा भाडे-केंद्रांस व अवजार बँकांस साहाय्यही मिळालें. अवजारें आलीं, परंतु हिशेबाची रीत पुष्कळ ठिकाणीं जुनीच राहिली. चालकाच्या खिशांतली वही, तींत पेन्सिलीनें लिहिलेले तास, आणि हंगामाच्या शेवटीं "एवढे तास झालेच नाहींत" अशी तक्रार! अशा तक्रारींनीं चांगले चाललेले गट मोडतात. म्हणून या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

वेळाची नोंद ठेवून तासावारी बिल करणारें सॉफ्टवेअर मूळ वकील, अभियंते, हिशेबनीस अशा लोकांच्या उपयोगाचें म्हणून पुढें आलें. कोणी, कोणाचें, कोणतें काम, किती वेळ केलें, हें त्यांत टिपतात. नेमून दिलेला दर लावून बिलाचा आंकडा तें सॉफ्टवेअर काढतें. ट्रॅक्टरच्या भाड्यांत याहून निराळें तें काय आहे? किमाई हें अशा साधनांपैकीं एक. तें मुक्त-स्रोत आहे, म्हणजे त्याची घडण सर्वांस खुली असून गटास तें स्वतःच्या व्यवस्थेंत बसवितां येतें. नोंद मोबाईलवरूनही करितां येते. तथापि साधन कितीही चांगलें असलें तरी त्यांत भरावयाचे नियम आपले आपणच ठरवावे लागतात. ते न ठरवितां आरंभ केला तर वहींतला घोळ संगणकांत जातो, इतकेंच.

तास कोणता धरावा

ट्रॅक्टर केंद्रांतून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ हा एक. शेतांत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा दुसरा. आणि इंजिन चालू असलें तेवढा तिसरा. यांपैकीं भाडें कोणत्या वेळाचें, हें आधीं ठरलें नसेल तर चालक व शेतकरी दोघेही खरें बोलत असून तंटा होतो.

मीटरविषयींही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जुन्या धाटणीच्या यांत्रिक मीटरची गति इंजिनाच्या फेऱ्यांशीं जोडलेली असते. नेमलेल्या फेऱ्यांवर इंजिन चाललें तरच मीटरचा तास घड्याळाच्या तासाबरोबर भरतो. मंद चाललें तर मीटर मागें पडतो. विजेवर चालणाऱ्या नव्या मीटरांत बहुधा चालू असल्याचा वेळच मोजला जातो, मग फेऱ्या कितीही असोत. म्हणून गटाकडे दोन्ही प्रकारचे ट्रॅक्टर असल्यास त्यांचे मीटर-तास सारखे समजूं नयेत. आमच्या मतें बिल घड्याळाच्या वेळावर करावें, आणि कामाच्या आधींचा व नंतरचा मीटरचा आंकडा पडताळ्यासाठीं त्याच नोंदीच्या शेऱ्यांत लिहावा.

मीटरचा शेवटचा अंक बहुधा तासाचा दहावा हिस्सा, म्हणजे ६ मिनिटें, दाखवितो. ३.५ म्हणजे साडेतीन तास; तीन तास पांच मिनिटें नव्हेत, कीं तीन तास पन्नास मिनिटेंही नव्हेत. आपल्या वाचकांस हें जमिनीच्या मापावरून लगेच कळेल. २ एकर २० गुंठे म्हणजे अडीच एकर, २.२० एकर नव्हे. कारण एकराचे गुंठे ४०. उलट सातबारावरील १ हेक्टर २० आर म्हणजे १.२० हेक्टरच, कारण हेक्टराचे आर १००. तासाचीं मिनिटें ६० असल्यामुळें तो एकर-गुंठ्यांच्या जातीचा आहे. २ तास २० मिनिटांची नोंद कोणी २.२० अशी केली तर गटाचीं ८ मिनिटें बुडालींच. म्हणून सॉफ्टवेअरमध्यें काम सुरू झाल्याची व संपल्याची वेळ तेवढी भरावी. वजाबाकी त्याजवर सोडावी.

वेळाचे प्रकारही निरनिराळे नोंदावे. नांगरणी हें एक कार्य, येणें-जाणें हें दुसरें, आणि खोळंबा हें तिसरें. बांधावरची तार काढली नाहीं, दगड उचलले नाहींत, म्हणून ट्रॅक्टर थांबला तर तो खोळंबा शेतकऱ्याचा. त्यास कमी दर लावणें रास्त आहे. पट्टा तुटला, डिझेल संपलें, तर तो खोळंबा केंद्राचा. त्याची नोंद अवश्य ठेवावी, पण "बिलांत धरूं नये" अशी खूण करून. न आकारलेल्या वेळाचीही नोंद असली म्हणजे यंत्राचें दुखणें वर्षअखेर दिसून येतें.

मूळ दर कसा काढावा

शेजारच्या गांवीं ८०० रुपये चालतात म्हणून आपणही ८०० घ्यावे, ही रीत धोक्याची आहे. एक उदाहरण घेऊं. आंकडे समजुतीपुरते कल्पिले आहेत. प्रत्येक गटानें आपले घालावे. ट्रॅक्टरची किंमत ८,००,००० रुपये, १० वर्षांनीं मोड ८०,००० रुपये. तर घसारा दरसाल ७२,००० रुपये. दोन्ही किंमतींची सरासरी ४,४०,००० रुपये, तिजवर दरसाल दर शेंकडा १० प्रमाणें व्याज ४४,००० रुपये. विमा, शेड वगैरे १६,००० रुपये. एकूण १,३२,००० रुपये. हा खर्च ट्रॅक्टर चालो वा न चालो, पडतोच. आतां डिझेल तासास ४ लिटर, ९० रुपये भावानें ३६० रुपये. वंगण ३०, दुरुस्ती ८०, चालक १००. मिळून ५७० रुपये. हा खर्च चालल्या तासापुरता.

वर्षांत ६०० तास काम झालें तर स्थिर खर्च तासास २२० रुपये पडून मूळ दर ७९० रुपये होतो. ३०० तासच झालें तर स्थिर खर्च ४४० रुपये पडून दर १,०१० रुपये होतो. दुसऱ्या गटानें ८०० रुपये आकारले तर तासास २१० रुपये, म्हणजे वर्षास ६३,००० रुपये तोटा. हा तोटा त्या वर्षीं कोणाच्याही डोळ्यांत येत नाहीं, कारण घसाऱ्याचा पैसा खिशांतून जात नाहीं. नवा ट्रॅक्टर घेण्याची वेळ आली म्हणजे मात्र पेटी रिकामी सांपडते. सारांश, दर हा झालेल्या तासांवर अवलंबून आहे, आणि तास किती झाले हें नोंदीवांचून कळत नाहीं. गेल्या वर्षाच्या तासांचा गोषवारा सॉफ्टवेअरमधून काढावा व त्यावर पुढील वर्षाचा दर बसवावा.

दरांच्या पायऱ्या

एकच दर सर्व कामांस लावून भागत नाहीं. खोल नांगरटीस डिझेल अधिक लागतें, पेरणीस कमी. ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर व ३५ अश्वशक्तीचा यांचा दर सारखा असूं शकत नाहीं. किमाईंत याकरितां पायऱ्या आहेत. ग्राहक, त्याखालीं प्रकल्प, व त्याखालीं कार्य, अशा तिन्ही ठिकाणीं दर लावितां येतो. ग्राहक म्हणजे आपला शेतकरी, प्रकल्प म्हणजे त्याचें शेत, आणि कार्य म्हणजे नांगरणी, रोटाव्हेटर, मळणी इत्यादि. नियम असा कीं खालच्या पायरीचा दर वरच्यास झांकतो. कार्यास दर असेल तर प्रकल्पाचा व ग्राहकाचा दर पाहिलाच जात नाहीं. एकाच पायरीवर विशिष्ट काम करणाऱ्याच्या नांवानें दर लाविला असेल तर तो सर्वसाधारण दरापेक्षां बलवान ठरतो. म्हणून चालकाऐवजीं प्रत्येक ट्रॅक्टरच्या नांवानें खातें उघडलें तर लहान-मोठ्या ट्रॅक्टरचा भेद सहज साधतो. तासाऐवजीं ठोक रक्कमही लावितां येते. येण्या-जाण्यास ती सोयीची. वारावरून दर वाढविण्याचीही सोय आहे. शेतीच्या कामास वार नसतो, सबब ती सोडून द्यावी.

येथें एक खांचखळगा आहे. सभासदास सवलत म्हणून ग्राहकाच्या पायरीवर कमी दर लाविला, आणि नांगरणीच्या कार्यासही दर लाविला, तर सवलत कधींच लागू होणार नाहीं. कारण कार्याचा दर तिला झांकून टाकील. बिल सर्वांस सारखेंच येईल, आणि सभासदास वाटेल कीं चिटणीसानें शब्द पाळला नाहीं. यास आमच्या मतें सरळ उपाय सहकाराचाच आहे. दर सर्वांस एक ठेवावा, आणि वर्षअखेर जी शिल्लक राहील ती सभासदांस त्यांच्या तासांच्या प्रमाणांत परत द्यावी. इंग्लंडांतील रॉचडेलच्या विणकरांनीं १८४४ सालीं काढलेल्या सहकारी दुकानांत खरेदीच्या प्रमाणांत नफा परत देण्याची हीच पद्धत होती. कोणाचे किती तास, याचा गोषवारा तर सॉफ्टवेअरमध्यें तयारच असतो.

दरबदल हा फेरफाराप्रमाणें व्हावा

डिझेलचा भाव चढला कीं दर बदलावा लागतो. त्यांत गैर कांहीं नाहीं. पण तो कोणत्या तारखेपासून, हें आधीं जाहीर झालें पाहिजे. सातबारावर हक्कांत बदल व्हावयाचा तर प्रथम फेरफाराची नोंद होते, तिला क्रमांक पडतो, ती मंजूर होते, मग अंमल येतो. जुनें नांव खोडून नाहींसें करीत नाहींत; त्यास कंस करतात, म्हणजे पुढें कोणासही पूर्वीची स्थिति वाचतां येते. दराचेंही तसेंच असावें.

किमाईंत नोंद पुरी होतांना त्या वेळचा दर तिला चिकटतो. मागाहून दर बदलला तरी जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहींत. इतर कांहीं साधनांत दर बदलतांना "मागील नोंदींसही लावावा कीं येथून पुढें?" असा प्रश्न येतो. घाईंत पहिलें उत्तर दिलें तर जूनमध्यें ज्यानें ८०० रुपयांच्या बोलीवर नांगरट केली, त्याच्या नांवावर जुलईंत ९०० रुपये दिसूं लागतील. म्हणून दर बदलण्याचा अधिकार एकाच जबाबदार माणसाकडे असावा, चालकानें फक्त वेळ भरावी, आणि प्रत्येक दरबदल सभेच्या ठरावाचा क्रमांक व तारीख घालून वहींत लिहावा.

आपल्याच जिल्ह्यांचा जुना अनुभव हेंच सांगतो. पुणें भागांत प्रिंगल यांची साराआकारणी फसली, कारण ती शेतकऱ्यास झेपली नाहीं. पुढें १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नवी पाहणी सुरू केली. त्यांनीं जमिनीची आण्यांवर प्रतवारी केली, सारा त्या मानानें ठरविला, व तो तीस वर्षें वाढणार नाहीं असें आधींच सांगितलें. भाड्याचा दर तीस वर्षें टिकणार नाहीं हें खरें. पण एक हंगाम तरी टिकावा, व प्रत पाहून ठरावा.

पूर्णांक करण्यांत लहान शेतकऱ्याचें नुकसान

शेवटची गोष्ट दिसण्यांत लहान, परंतु आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. सॉफ्टवेअरमध्यें वेळ पूर्णांक करण्याची सोय असते. वरच्या, खालच्या किंवा जवळच्या अंकास. पुष्कळ ठिकाणीं "अर्धवट तास पुरा धरावा" अशी चाल आहे. तिचा परिणाम पाहा. २० गुंठ्यांच्या धन्याचें काम १ तास १० मिनिटांत झालें; त्यास २ तास लागू झाले, म्हणजे शेंकडा ७१ अधिक. मोठ्या शेताच्या धन्याचें काम ६ तास १० मिनिटांत झालें. त्यास ७ तास लागू झाले, म्हणजे शेंकडा सुमारें साडेतेरा अधिक. दोघांचींही ५० मिनिटेंच वाढलीं. ८०० रुपये दरानें तीं सुमारें ६६७ रुपयांचीं. पण लहान्याच्या बिलाचा तो मोठा हिस्सा झाला. तेंच ६ मिनिटांच्या हिशेबानें वर पूर्णांक केलें तर लहान्यास १ तास १२ मिनिटें लागतील, म्हणजे सुमारें २७ रुपयेच अधिक.

अरुंद पट्टीच्या शेतांत ट्रॅक्टरचा वेळ वळणांतच फार जातो, त्यामुळें एकरीं खर्च लहान्यास आधींच जास्त पडतो. त्यांत पूर्णांकाचा भार घालूं नये. येण्या-जाण्याची भरपाई व्हावी म्हणून तास वाढविण्यापेक्षां त्याची वेगळी ठोक रक्कम उघडपणें लावावी, आणि शेजारच्या चार शेतांचें काम एका खेपेस घेऊन ती चौघांत वांटावी. एकरी दर हा दुसरा मार्ग आहे खरा. पण एकरी दरांत चालक घाई करून उथळ नांगरतो, जसा तासावारी दरांत तो रेंगाळतो. दोन्हींवर इलाज एकच. धन्यानें शेतावर हजर राहावें व नोंद बंद होतांना मोबाईलवरील वेळ स्वतः पाहावी.

असो. संगणक हिशेब चुकत नाहीं, पण नियम न्यायाचा कीं अन्यायाचा हें त्यास कळत नाहीं. तें काम सभासदांचें आहे. म्हणून ज्या गटांनीं अशी नोंद सुरू केली असेल अथवा करावयाची असेल, त्यांनीं येत्या हंगामापूर्वीं सभा भरवून चार गोष्टी ठरवाव्या: तास कोणता, कोणत्या कामास कोणता दर, पूर्णांक किती मिनिटांचा, आणि दर लागू होण्याची तारीख. त्या एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून केंद्राच्या दाराशीं लावाव्या, आणि ज्यास वाचतां येत नसेल त्यास वाचून दाखवाव्या, अशी आमची सर्व शेतकरी बंधूंस विनंती आहे.