उन्हाळ्यांतील सायकलस्वारी व गादीची विजार

सायकलीविषयीं बोलतांना आपण चाकें, गिअर, ब्रेक, साखळी यांची चर्चा पुष्कळ करतों; परंतु स्वाराच्या शरीराचा जो भाग तासन् तास सीटवर टेकलेला असतो, त्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. विषय संकोचाचा असल्यामुळें मुलें तो शिक्षकांपाशीं काढीत नाहींत व घरीं आईवडिलांपाशींही काढीत नाहींत. मग होतें असें कीं, ज्या मुलामुलींनीं थंडीच्या दिवसांत दर रविवारीं तीस-चाळीस किलोमीटरांची रपेट केली, त्यांपैकीं कांहीं जण मार्च महिना लागतांच आपली सायकल भिंतीला टेकवून ठेवतात. कारण विचारलें, तर "ऊन फार आहे, सर", एवढेंच उत्तर मिळतें. उन्हाचा दोष आहे खरा. पण तो डोक्यापेक्षां मांड्यांना अधिक भोवलेला असतो. सबब या लेखांत आडपडदा न ठेवतां, सायकलस्वाराची गादीची विजार, जिला दुकानांत शॉर्ट्स म्हणतात, ती उन्हाळ्यासाठीं कशी निवडावी याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम दुखण्याचें मूळ पाहूं. खुर्चीवर बसलों असतां आपलें वजन मांड्या व कुल्ले यांच्या विस्तृत भागावर वांटलें जातें. सायकलच्या अरुंद सीटवर तसें होत नाहीं. कमरेच्या हाडाच्या तळाशीं दोन्ही बाजूंस एकेक उंचवटा आहे. लांकडी बाकावर ताठ बसून हात खालीं घातला असतां तो बोटांस सहज लागतो. यांना आपण बैठकीचीं हाडें म्हणूं. हातापायांवर पडणारें वजन वजा जातां स्वाराचा बाकीचा सर्व भार या दोन हाडांवर व त्यांच्यामधील मऊ भागावर येतो. त्यांत पायडल मारतांना मांडी मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळां वरखालीं होते. म्हणजे एका तासांत पांच हजारांच्या आसपास वेळां तीच त्वचा त्याच कापडावर घासते. कोरडी त्वचा हें घर्षण पुष्कळ सोसते. घामानें भिजलेली त्वचा मात्र फुगते, मऊ पडते, कापडाला चिकटते आणि लवकर सोलवटते. पावसाळ्यांत भिजलेल्या पायाला नवी चप्पल कशी चावते, हें ज्यानें अनुभविलें आहे त्याला याहून अधिक सांगावयास नको. अशा सोलवटलेल्या जागीं जंतु शिरले कीं केसाच्या मुळाशीं पुळी येते, आणि तसेंच बसत राहिलें तर तिचें केस्तूड होतें.

येथें एक खुलासा केला पाहिजे. घरापासून शाळा तीन-चार किलोमीटरांवर असलेल्या मुलाला या विजारीची मुळींच गरज नाहीं. तसेंच सीट फार उंच असेल, तर कमर प्रत्येक पायडलागणिक डावीउजवीकडे हेलकावे खाते व त्यामुळें होणारें घर्षण कोणतीही गादी थांबवूं शकत नाहीं. तेव्हां पैसे खर्च करण्यापूर्वीं सीटची उंची व तिचा कल नीट करून घ्यावा. त्यास एका पान्याखेरीज कांहीं लागत नाहीं.

आतां विजारीकडे वळूं. या वस्तूचा इतिहास मौजेचा आहे. 1903 सालीं फ्रान्स देशांत टूर द फ्रान्स ही प्रसिद्ध शर्यत सुरू झाली. त्या काळीं व पुढेंही कित्येक दशकें शर्यतीचे स्वार लोंकरीच्या विजारी घालीत. मांड्यांमधली शिवण बोंचूं नये म्हणून पुढें त्यांत आंतून शॅमॉय नांवाच्या चामड्याचा तुकडा लावूं लागले. शॅमॉय हा आल्प्ससारख्या युरोपांतील पर्वतांवर राहणारा, बकरीच्या जातीचा प्राणी. तें चामडें पातळ असे. गादीचें काम त्यानें होत नसे, फक्त शिवण झांकली जाई. धुऊन वाळविलें कीं तें पापडासारखें कडक होई, म्हणून स्वार त्याला मलम चोळून मऊ करीत. आज चामडें गेलें, पण नांव मागें राहिलें. गादीला अद्यापि "शॅमी" व मलमाला "शॅमी क्रीम" म्हणतात. 1958 सालीं अमेरिकेंतील ड्युपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञानें ताणला असतां पुन्हा पूर्ववत् होणारा धागा तयार केला. लायक्रा म्हणून जो ओळखला जातो तो हाच. 1970 नंतरच्या दशकांत तो सायकलस्वारांच्या विजारींत शिरला आणि लोंकर मागें पडली.

येथें विचारी विद्यार्थी एक शंका काढील: उन्हाळ्यांत आपण सर्व जण सुती वापरतों, मग सायकलवरच हें अंगाला चिकटणारें कृत्रिम कापड कशाला? शंका रास्त आहे. सैल सुती सदरा थंड वाटतो, कारण त्यानें शोषलेला घाम वारा लागून वाळतो. एक लिटर घाम पूर्णपणें वाळतांना सुमारें 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जो घाम नुसताच ठिबकतो तो शरीराला कांहीं थंडावा देत नाहीं. आतां सीट आणि शरीर यांच्यामध्यें वारा कोठून यावा? तेथें सुती कापड घाम पितें आणि ओल्या पोतेऱ्यासारखें होऊन बसतें. सर्वसाधारण हवेंत सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारें साडेआठ टक्के पाणी धरतो, नायलॉन सुमारें चार टक्के, आणि पॉलिएस्टर तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून नायलॉनचें वा पॉलिएस्टरचें विरळ विणीचें कापड घाम स्वतः न पितां वाऱ्याच्या बाजूस पसरवितें व लवकर वाळतें. शिवाय तें अंगासरशी बसलें म्हणजे घर्षण कापड व सीट यांच्यामध्यें होतें, कापड व त्वचा यांच्यामध्यें होत नाहीं. मल्लखांबावरचा खेळाडू सैल लेंगा न घालतां लंगोट कसून कां बांधतो, याचेंही एक कारण हेंच आहे.

याच कारणास्तव या विजारीच्या आंत दुसरें अंतर्वस्त्र घालूं नये. हें वाक्य वाचून कांहीं वाचक चमकतील, पण तें जाणूनबुजून लिहिलें आहे. चड्डीच्या कडा व शिवणी नेमक्या मांडीच्या सांध्यांत येतात. त्या चुकविण्यासाठींच तर गादी बिनशिवणीची केलेली असते. ज्यांना, विशेषतः मुलींना, तंग विजार घालून गांवांतून जाण्याचा संकोच वाटतो, त्यांनीं वरून पातळ कापडाची सैल अर्धी विजार अवश्य घालावी. त्यानें कांहीं बिघडत नाहीं. लोक काय म्हणतील या भयानें सायकल सोडण्यापेक्षां हें कितीतरी बरें.

गादीविषयीं बाजारांत मोठा गैरसमज आहे. गिऱ्हाईक गादी चिमटींत धरून पाहतें आणि जी जाड व मऊ ती उत्तम असें ठरवितें. वस्तुतः फार मऊ गादींत बैठकीचीं हाडें दाबून तळाशीं जातात आणि मधला भाग वर उचलला जाऊन नाजूक रक्तवाहिन्या व मज्जातंतूंवर दाब देतो. मांड्यांच्या मध्यें मुंग्या येणें वा बधिरता येणें हें त्याचें लक्षण होय, आणि तें कधींही सोसून नेऊं नये. शिवाय जाड गादी म्हणजे घाम धरून ठेवणारा स्पंजच. पाहावयाचें तें फेसाचें घट्टपण. उत्पादक तें दर घनमीटरास किती किलोग्रॅम या मापानें सांगतात. लांब पल्ल्याच्या गाद्यांत हाडांखालच्या भागासाठीं 80 ते 120 पर्यंतचे आंकडे दिसतात. आंकडा लिहिलेला नसेल तर अंगठ्यानें जोरानें दाबावें. दुसऱ्या बाजूचें बोट लगेच लागलें तर गादी दोन तासांवर टिकणार नाहीं. उन्हाळ्यासाठीं फेसाला बारीक छिद्रें असलेली, हाडांखालीं घट्ट व इतरत्र पातळ अशी गादी घ्यावी.

गादीचे घट्ट भाग आपल्या हाडांखालींच आले पाहिजेत. त्यासाठीं घरगुती युक्ति अशी: खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण स्टुलावर ठेवून त्यावर थोडें पुढें वांकून मिनिटभर बसावें. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजावें. मोठ्या माणसांत तें बहुधा 10 ते 15 सेंटिमीटरांच्या दरम्यान भरतें. स्त्रियांच्या कमरेची ठेवण सामान्यतः रुंद असल्यामुळें त्यांच्या गाद्या वेगळ्या कापाच्या असतात. भावाची विजार बहिणीला देणें ही खरी काटकसर नव्हे.

विजार आरशासमोर उभें राहून पारखूं नये. उभ्यानें ती पुढें तंग व गादी लोंबल्यासारखी वाटते. सायकलवर बसतात तसें वांकलें कीं तीच नीट बसते. गादी सरकली, कापडाला एकादी चुणी पडली, तर एक नंबर लहान मागावा. मांडीवरचें रबरी पट्टे उन्हाळ्यांत फार त्रास देतात. त्यांखालीं घाम साचून लाल वळ उठतात. रुंद, पातळ काठ अधिक बरा. नेफ्यांतील इलॅस्टिकचाही तोच प्रकार. खांद्यावर पट्टे असलेल्या विजारीला नेफा नसतो, त्यामुळें पोटावर कांच पडत नाहीं. पट्टे जाळीचे असतील तर ती उष्ण होत नाहीं. मात्र लघुशंकेच्या वेळीं खटाटोप होतो, हें मुलींनीं लक्षांत घ्यावें. रंग काळा असावा कीं नाहीं यावर वाद घालण्यांत अर्थ नाहीं. काळा ऊन अधिक शोषतो, पण साखळीच्या तेलाचे डाग लपवितो. पांढरा भिजल्यावर पारदर्शक होतो.

आपल्या प्रांतांत उन्हाळे दोन प्रकारचे. नागपूर-चंद्रपुराकडे पारा 45 अंशांवर जातो, पण हवा कोरडी. तेथें घाम झटकन वाळतो आणि मिठाचे कण कापडावर राहून कांचेच्या भुकटीप्रमाणें घासतात. थांब्यावर ओल्या फडक्यानें मांड्या पुसून घेणें तेथें उपयोगी. कोंकणांत पारा पस्तिशीच्या आंत, पण हवा दमट. घाम वाळतच नाहीं. तेथें मलमाचा पातळ थर व लांब पल्ल्यावर बदलावयास दुसरी विजार, हाच उपाय. टाल्कम पावडरचे मात्र घामांत गोळे होतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं 2015 सालीं अमेरिका आडवी ओलांडणारी रेस अॅक्रॉस अमेरिका ही शर्यत जोडीनें पुरी केली. ती सुमारें 4,800 किलोमीटरांची वाट भर जून महिन्यांत वाळवंटांतून जाते. एवढ्या पल्ल्यावर त्वचेची निगा हा अन्नपाण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न होतो.

स्वारी संपल्यावर ओल्या विजारींत गप्पा मारीत बसणें ही सर्वांत वाईट खोड. ती तत्काळ उतरवून स्नान करावें. विजार उलटी करून गार पाण्यांत सौम्य साबणानें धुवावी, पिळूं नये, सावलींत वाळवावी व इस्त्री मुळींच करूं नये. उष्णतेनें ताणाचा धागा मरतो. कपडे मऊ करणारें द्रव्य घातल्यास घाम वाहून नेण्याचा कापडाचा गुण जातो. एक फार महाग घेण्यापेक्षां मध्यम किंमतीच्या दोन घ्याव्या, असें माझें मत आहे, कारण न वाळलेली विजार सकाळीं पुन्हा चढविणें म्हणजे दुखणें विकत घेणें होय.

एका सहलींत एक मुलगा तीन दिवस सीटवर तिरका बसून येत होता. लाजेनें बोलला नाहीं. परतल्यावर केस्तूड डॉक्टरांकडून फोडून घ्यावें लागलें व त्याची परीक्षा तोंडावर असतांना पंधरा दिवस उभ्यानें अभ्यास झाला. पुळी दुखूं लागली कीं सायकल थांबवून घरीं सांगावें. मांडीच्या सांध्यांत खाजणारी गोल चकंदळें उठलीं तर तें बहुधा गजकर्ण असतें. औषधांच्या दुकानांतून स्टेरॉइड मिसळलेलें मलम आणून लावल्यास खाज तेवढी शमते आणि रोग पसरतो, सबब डॉक्टरांनाच दाखवावें.

विजार किती दिवस टिकते हें वापरावर आहे. उजेडासमोर ताणून धरली असतां कापड विरळ दिसूं लागलें, किंवा दाबलेली गादी पुन्हा उठेनाशी झाली, कीं तिचें काम संपलें. गादी उसवून टाकावी आणि उरलेलें कापड साखळी पुसावयास ठेवावें.