वंडरवॉल म्युझिक : फोर्टात घडलेला बीटलचा अल्बम

लेखमाला : साथसंगत, भाग ८

मागच्या भागात आपण पाहिलं, की रॉक बँडमध्ये गाणी लिहिणारा पुढे येतो, बाकीचे मागे राहतात. बीटल्समध्ये पुढची जागा जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची. गिटारवादक जॉर्ज हॅरिसनच्या वाट्याला बहुतेक अल्बममध्ये एक-दोनच गाणी येत. तरीही चौघांपैकी स्वतःच्या नावावर पहिला अल्बम त्याचा आला, आणि त्याचा मोठा भाग मुंबईत घडला.

जो मॅसॉट या दिग्दर्शकाने ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत हॅरिसनकडे सोपवलं आणि पूर्ण मोकळीक दिली. एक एकाकी प्राध्यापक भिंतीतल्या भोकातून शेजारच्या तरुणीचं जग पाहतो, अशी ही कथा. संवाद अगदी थोडे, म्हणून संगीताला भरपूर वाव. हॅरिसनने स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक प्रसंगाची लांबी टिपली आणि त्या मापाचे तुकडे बांधले.

काही ध्वनिमुद्रण लंडनला झालं. जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईत आला. फोर्टातल्या एचएमव्ही स्टुडिओसाठी कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र आणवलं. सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा, तबलातरंगावर रिजराम देसाद. इथे हॅरिसनचं काम रचना सांगण्याचं आणि वादकांकडून ती काढून घेण्याचं होतं.

हरिपाठाला, काकड्याला पखवाज ऐकत वाढलेल्या वाचकाने सुरुवात ‘तबला अँड पखवाज’ या तुकड्यापासून करावी. तिथे साथीची वाद्यंच मुख्य आहेत. त्यांच्या पुढे कुणी गायक नाही. मग ‘इन द पार्क’ ऐका. सूरबहार म्हणजे सतारीचा खर्जातला मोठा भाऊ. त्याच्या संथ स्वरांवर संतूर येतं, आणि वेगवेगळ्या स्वरांत लावलेल्या तबल्यांवर, म्हणजे तबलातरंगावर, सूर वाजतात. ‘लव्ह सीन’मध्ये आशिष खाँ यांचं एक वादन त्यांच्याच दुसऱ्या वादनावर चढवलं आहे. एकाच कलावंताची स्वतःशीच जुगलबंदी, प्रेमिकांच्या संवादासारखी.

अल्बम १ नोव्हेंबर १९६८ रोजी ब्रिटनमध्ये आला. ॲपल रेकॉर्ड्सची ही पहिली एलपी. त्यात १९ तुकडे, पण नेहमीच्या अर्थाने गाणं एकही नाही. तीनच आठवड्यांत बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ आला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. अमेरिकेत ‘वंडरवॉल’ ४९व्या क्रमांकापर्यंत पोहोचला, ब्रिटनच्या यादीत शिरलाच नाही.

मला हा अल्बम मोलाचा वाटतो तो एका न्यायासाठी. आदल्याच वर्षी बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमवर हॅरिसनच्या गाण्याला साथ करणारे लंडनमधले भारतीय वादक कव्हरवर निनावी राहिले होते. ‘वंडरवॉल’च्या कव्हरवर मात्र मुंबईच्या वादकांची नावं वाद्यांसह छापली आहेत. मागे उभं राहण्याचा अनुभव असलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःची जागा मिळाली, आणि ती त्याने इतरांसाठी मोकळी केली. या अल्बमची चर्चा हॅरिसनपाशी थांबते, हे म्हणूनच खटकतं. नारिंग्रेकर, केंकरे, देसाद ही नावंही आपल्या तोंडी असायला हवीत.

पुढच्या भागात : याच स्टुडिओत, याच दिवसांत ज्याचं वादन ध्वनिमुद्रित झालं ते ‘द इनर लाइट’. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं पहिलं गाणं.