खडूच्या पाण्यात काळा तळ

सकाळी ७

साउथहॅम्प्टनमध्ये कुणाच्याही घरी फिशटँक लावायचा असला की मी आधी नळाचं पाणी तपासतो. तळात काय घालायचं हे त्यावरच ठरतं. आज पोर्ट्सवूडमधल्या एका मराठी घरी साठ सेंटिमीटर लांबीचा टँक लावायचा आहे. घरातल्या लेकीला खरी झाडं हवी आहेत आणि तळ काळाभोर हवा आहे. वहिनींची अट एकच, "भावजी, फार खर्चात पाडू नका."

टेस्ट स्ट्रिप पाण्यात बुडवली आणि अपेक्षेप्रमाणे कडकपणाचा चौकोन पट्टीवरच्या शेवटच्या रंगावर गेला. हॅम्पशायरच्या टेकड्या खडूच्या आहेत. सूक्ष्म शैवालांच्या चुनखडी कवचांचे हे थर समुद्रतळाशी साचले त्याला सात ते दहा कोटी वर्षं झाली. पाऊस त्यांत मुरतो, कॅल्शियम घेऊन झऱ्यांतून बाहेर पडतो आणि इचिन व टेस्ट या नद्यांना मिळतो. शहराचं पाणी याच खोऱ्यांतून येतं. इथल्या प्रत्येक किटलीच्या बुडाशी पांढरा थर बसतो तो यामुळेच. आजच्या खरेदीचा निम्मा निर्णय या पट्टीनेच झाला.

सकाळी ८

वहिनींच्या स्वयंपाकघरात चहा आणि हिशेब बरोबरच चालतात. टँकची लांबी साठ, रुंदी तीस. पुढच्या बाजूला चार सेंटिमीटर आणि मागे आठ असा उतार द्यायचा, म्हणजे सरासरी सहा. साठ गुणिले तीस गुणिले सहा भागिले हजार, उत्तर जवळजवळ अकरा लिटर. खडीचं वजन लिटरला साधारण दीड किलो धरलं तर सोळा-सतरा किलो लागतील. वीस किलोची एक पिशवी पुरते आणि डागडुजीला थोडी उरतेही.

"काका, काळाच का पण चांगला दिसतो?" लेकीने विचारलं.

तिला सांगितलं की दिसण्याचा भाग आहेच, हिरवा रंग काळ्यावर उठतो. पण माशांनाही फरक पडतो. बऱ्याच माशांच्या कातडीत रंगद्रव्याच्या पेशी असतात. तळ पांढरा असला की खालून उजेड परततो, पेशींतलं काळं द्रव्य आकसतं आणि मासा फिका पडतो. तळ गडद असला की ते पसरतं आणि रंग भरून येतो. लाल चेरी कोळंबी पांढऱ्या वाळूवर गुलाबट दिसते आणि काळ्यावर लालबुंद.

सकाळी साडेनऊ

दुकानात सगळ्यांची नजर आधी ॲक्वासॉईलच्या पिशव्यांकडे जाते. झाडांचे टँक आज जसे लावतात, त्यावर ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या निइगाताच्या छायाचित्रकाराची छाप आहे. त्यांनी १९८२ मध्ये कंपनी काढली आणि मातीच्या भाजलेल्या गोळ्यांचा हा तळ, म्हणजेच ॲक्वासॉईल, जगभर रुजवला. गोळ्या गडद असतात, मुळं त्यांत सहज शिरतात आणि अन्नही आतच असतं. या मातीचा आणखी एक गुण म्हणजे ती पाण्यातला कार्बोनेट कडकपणा ओढून घेते आणि पीएच खाली आणते. जपानचं पाणी बहुतांशी मऊ, त्यामुळे तिथे हा गुण बराच काळ टिकतो.

इथे साउथहॅम्प्टनमध्ये मात्र दर आठवड्याला पाणी बदललं की नळातून नवा चुना येतो. माती तो ओढत राहते आणि काही महिन्यांत तिची ताकद संपते. मुळांसाठी ती पुढेही चांगलीच राहते, पण पाणी मऊ करण्याच्या गुणाचे मोजलेले पैसे वाया जातात. नऊ लिटरची चांगली पिशवी तीस पौंडांच्या आसपास, आणि आपल्याला लागणार अकरा लिटर. वहिनींना हे समजावून सांगितलं आणि आम्ही ती रांग सोडून पुढे गेलो.

रंगवलेली काळी खडी स्वस्त मिळते, पण हलक्या प्रतीच्या मालाचा रंग सुटतो. डेन्मार्कच्या फूर आणि मॉर्स बेटांवरची मोलर माती मांजरांच्या लिटरसाठी विकली जाते. इथले काटकसरी हौशी लोक तिचा बिनवासाचा प्रकार टँकमध्ये वापरतात. ती खतं धरून ठेवते, हा तिचा मोठा गुण. पण ती रंगाने गुलाबट आणि वजनाने हलकी, त्यामुळे नवीन रोपं उपटून वर येतात. बंदराच्या गावात जहाजांचे पत्रे घासायची काळी ग्रिटही सहज मिळते. तिला मी हात लावत नाही. ती तांब्याच्या भट्टीतल्या मळीची असू शकते आणि तांबं कोळंबीला, गोगलगायींना मारतं.

उरला बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. दख्खनचं पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हाने घडवलं, त्याच जातीचा दगड इथे बागकामाच्या आणि बांधकामाच्या दुकानांत भरडून मिळतो. टँकसाठी एक ते तीन मिलिमीटरचा दाणा मागायचा. त्याहून बारीक घेतला तर थर दाबून बसतो आणि त्यातून पाणी खेळत नाही. मोठा घेतला तर फटींत अन्न सडतं आणि रोप धरत नाही. पिशवीची मागची बाजू वाचायचीच, कारण फरशीच्या सांध्यांत भरायच्या काळ्या वाळूत बऱ्याचदा चिकट रसायन किंवा तण मारणारं मीठ असतं. आम्हाला निव्वळ दगडाची वीस किलोची पिशवी सॉईलच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाली.

समुद्रावरून वाळू आणू का, असं मला इथे बरेच जण विचारतात. १९४९ च्या कोस्ट प्रोटेक्शन ॲक्टखाली किनाऱ्यावरून वाळू-गोटे उचलणं गुन्हा ठरू शकतो. शिवाय त्यांतले शिंपले पाण्यात आणखी चुना सोडतात.

सकाळी ११

मागच्या अंगणात मूठभर कोरडी खडी बशीत घेतली आणि लेकीच्या हातात पांढऱ्या व्हिनेगरची बाटली दिली. दाण्यांवर थेंब टाकून कान जवळ न्यायचा. चुना असेल तर बारीक फेस येतो आणि चुरचुर ऐकू येते. शेजारी एक शिंपला ठेवला होता, तो लगेच फसफसला. खडी गप्प राहिली. मग चुंबक फिरवला. बेसॉल्टमध्ये थोडं मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे चार-दोन कण चिकटले. फार चिकटले असते तर ती बारीक पूड पंपाच्या रोटरमध्ये जाऊन बसली असती.

दुपारी १२

धुणं हे आजचं सगळ्यात वेळखाऊ काम. बादली एक तृतीयांश भरायची, वर पाणी घालायचं, हात तळापर्यंत घालून ढवळायचं आणि राखाडी पाणी झाडांच्या वाफ्यात ओतायचं. घरातल्या सिंकमध्ये ओतलं तर भुकटी पाइपच्या वळणात बसते. मी होजपाइप लावून ठेवत नाही, बादलीनेच धुतो. २०२२ आणि २०२५ च्या उन्हाळ्यांत हॅम्पशायरमध्ये होजपाइपवर बंदी आली होती. आपण जे पाणी वापरतो ते इचिनच्या वाट्याचं असतं आणि तिच्यासारख्या खडूच्या नद्या इंग्लंडबाहेर फार थोड्या आहेत. पाण्यातून दाणे स्वच्छ दिसायला लागले की थांबायचं.

दुपारी अडीच

जेवण झालं, पिठलं-भात. आता टँक. बेसॉल्टमध्ये झाडांसाठी अन्न जवळजवळ नसतं आणि खत धरून ठेवायची ताकदही नसते. ही त्याची खरी उणीव, आणि तिला दोन उपाय आहेत. डायना वॉलस्टड यांनी १९९९ मध्ये पुस्तक लिहून जो मार्ग लोकप्रिय केला, त्यात साधी माती खाली अंथरून वर खडीचं झाकण देतात. तो स्वस्त आहे, पण रोप उपटलं की गढूळ होतं, आणि लेक पहिले काही महिने रोपं हलवत राहणारच. म्हणून खताच्या गोळ्या घेतल्या. दहा-पंधरा सेंटिमीटरच्या अंतराने चिमट्याने तळाशी खोल खोचायच्या आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा.

दुपारी ४

झाडं कडक पाणी सोसणारी निवडली. व्हॅलिसनेरिया मागे, कारण ती पाण्यातलं बायकार्बोनेट वापरून कार्बनची गरज भागवू शकते. मध्ये क्रिप्टोकोराइन. या कुळातल्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत मूळच्या आहेत. वहिनी म्हणाल्या, "मग ही आमच्याच गावाकडची म्हणायची." क्रिप्टोकोराइन नव्या पाण्यात गेली की पानं गाळते. ती मेली असं समजून फेकायची नाही, मुळांतून नवी पानं येतात.

संध्याकाळी ६

तळावर बशी ठेवून तिच्यावर हळू पाणी सोडलं, म्हणजे उतार मोडत नाही. क्लोरीन मारायचं औषध घातलं, फिल्टर सुरू केला. मासे आज नाहीत. अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर गप्पी आणि चेरी कोळंबी आणायची, दोघांनाही हे पाणी मानवतं. कोरीडोरास मात्र नको. बेसॉल्टच्या दाण्याला कडा असतात आणि तळ उकरणाऱ्या त्या माशाच्या मिशा झिजतात.

रात्री ८

हिशेब लिहून वहिनींच्या हातात दिला. तळातून वाचलेल्या पैशांत झाडांच्या कुंड्या ठरल्यापेक्षा जास्त आल्या, आणि मला हेच करायचं होतं. नवीन टँकमध्ये शेवाळाला रोखायचं असेल तर पहिल्या दिवसापासून दाट झाडं हवीत, कारण जे अन्न झाडं खातात ते शेवाळाला मिळत नाही. मुंबईसारखं मऊ पाणी नळाला येत असेल तर ॲक्वासॉईलवर खर्च करावा, तिथे तो बराच काळ कामी येतो. साउथहॅम्प्टन, विंचेस्टर, सॅलिसबरी या खडूच्या पाण्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी मात्र साधा काळा बेसॉल्ट घ्यावा, मुळाशी खत द्यावं आणि उरलेले पैसे झाडांवर घालावेत.